नळीतलं निळं पाणी

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हेक्झेनची बाटली उघडली की आधी तुमचा आवाज ऐकू येतो. "हवा काढली का? पुरती काढली का?" आज लातूरच्या आमच्या प्रयोगशाळेत तशीच बाटली उघडली. पेट्रोलसारखा तो वास आला आणि मी झाकण पुन्हा लावलं.

नांदेडला तुमच्याकडे आले तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की कोबाल्टच्या किरणांनी द्रवातल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. पुढचं तुम्ही चहाच्या टपरीवर, तुमच्या देगलूरच्या बोलीत सांगितलंत. "पाण्यात सुटला तर पाण्याचे रेणू त्याला घेरून सांभाळतात. हेक्झेनमध्ये तसं कोणी धरून ठेवत न्हाई. बहुतेक सगळे लगेच माघारी, ज्या रेणूतून सुटले त्याच्याकडंच. थोडे निसटतात. त्यांचं पुढं काय होतं ते आपल्याला पाहायचंय. पण नळीत जरासा ऑक्सिजन राहिला की संपलं. तो गिळतो त्यांना."

म्हणून नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून हेक्झेन गोठवायचं, पंपानं हवा ओढायची, वितळवायचं, पुन्हा गोठवायचं. नायट्रोजन आपण जनावरांच्या दवाखान्यातून आणायचो. त्या दुपारी तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी नळी गार होत असताना निलंग्याहून फोन आला, आईला अॅडमिट केलंय. मी बोलायला बाहेर गेले. हवेकडची तोटी उघडीच राहिली. बऱ्याच वेळानं परतले तर गोठलेल्या हेक्झेनवर बोटभर फिकट निळं पाणी साचलेलं. सुंदर दिसत होतं. मी घाबरून तोटी बंद केली आणि तुम्हाला हाक मारली.

"सर, हे निळं काय हाय?"

तुम्ही वाकून पाहिलंत. बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन उघड्या तोटीतून आत येऊन गारठ्यानं द्रव होऊन बसला होता, आणि खालच्या भांड्यातला नायट्रोजन संपत आला होता. नळी तापली की त्या निळ्या पाण्याचा पुन्हा वायू होणार, आणि त्याला वाट नाही.

"तोटी कोणी बंद केली?"

मी ती उघडायला हात पुढे केला.

"बाहेर हो. पळ म्हणतो ना!"

दारातून मी वळून पाहिलं. तुम्ही तोंड बाजूला करून हात लांबवला होता, बोटं तोटीवर होती. मग आवाज झाला.

तुमचा उजवा डोळा गेला. चौकशी समितीला तुम्ही सांगितलंत, काच जुनी होती. दवाखान्यात मी खरं बोलायला लागले तर म्हणालात, "गप बस. तुझी पीएचडी व्हायचीय अजून." नंतर एकदाही रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं.

आता इथली विभागप्रमुख मी आहे. नायट्रोजन आलाय. उद्या सकाळी माझी विद्यार्थिनी पहिल्यांदा नळी गोठवणार आहे. तिला मी सगळं शिकवलंय, दोनदा करून दाखवायला लावलंय, तेही रिकाम्या नळीवर. तुम्ही असतात तर उद्या तिच्या शेजारी उभे राहिला असतात.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवसानंतर नळी गोठत असताना मी एकदाही त्या खोलीत थांबलेले नाही. कुठल्यातरी कागदावर सही करायचं निमित्त काढते आणि निघून जाते. मुलींना वाटतं, मॅडमचा आपल्यावर किती विश्वास आहे.