देवमाशाचा जंत आणि टीनाची गोळी

आणि भाऊजी, जंत गुळाने होतात हे तुमचं म्हणणं मी अजूनही मानत नाही. फोन तुम्ही मधातच कापता, म्हणून चिठ्ठी लिहून राहिलो. तीर्थस्वरूप केवळराम भाऊजींना ओमेशचा नमस्कार (भांडणात राहून गेला, इथे घ्या). दुर्गेश्वरीताईची कंबर आणि तुमची म्हैस बरी असेल. मी इथे कोकणात, बर्फाच्या कारखान्यात मजेत आहे.

तर मंगळवारी किनाऱ्यावर देवमासा मरून लागला. एसटीएवढी मादी, तीही गाभण. चिरून तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. जनावराचा जार काढता येतो का कोणाला, असं त्यांनी विचारलं आणि मी हातातली बर्फाची लादी टाकून धावलो (मालक अजून बोलत नाही). तुमची म्हैस व्याल्यावर अडकलेले तीन जार मीच काढले ना. पाहतो तर जारातून पांढरी दोरी लोंबून राहिली. मला वाटलं नाळ. आपण घरी करतो तेच केलं, वीट शोधून आणली आणि टोकाला बांधली, म्हणजे वजनाने आपोआप येईल. बाई म्हणाल्या, "अरे बाबा, वीट सोड. तो जंत आहे."

जंत, भाऊजी. दोन्ही हातांनी धरून मी मागे मागे चालत गेलो, पाठीने चहाच्या टपरीत घुसलो, तरी दुसरं टोक आतच. मोजला तर सतरा हात. बाईंना तर नाचावं की लिहावं सुचेना, असा फार क्वचित सापडतो म्हणे. पोटात बारीक जंत निघाले ते वेगळे, पसा पसा भरून. मी तिथेच विचारलं, बाई, ही गूळ खात होती का? त्या म्हणाल्या, "हिच्या पोटातले माशांतून आले. आपल्या पोरांना मातीतून होतात, अनवाणी पायांनी, न धुतल्या हातांनी."

आता समुद्रात गूळ कोणी नेऊन टाकला ते तुम्हीच सांगा. वर्षभर तुम्ही आपल्या लेकीचा, टीनाचा गूळ बंद केला, पोरगी खापराचे तुकडे चावून राहिली. पोट मडक्यासारखं, पाय काड्या. ताई सांगता सांगता रडते. शाळेत जंताची गोळी वाटतात त्या दिवशी तुम्ही तिला शेतावर नेता. काऊन, तर फुकट देतात म्हणजे काही तरी मतलब असेल.

आपला,
ओमेश

ता.क. बाईंनी मलाही गोळी दिली. काय निघालं ते लिहीत नाही. मी चार वर्षांत गुळाला हात लावला नाही.

आणखी ता.क. टीनाला गोंदियाच्या डॉक्टरला दाखवून, फी भरून, पावती घेऊन गोळी आणा. जितके पैसे जास्त तितका तुमचा भरोसा, हे मला माहीत आहे. म्हणून बारा रुपयांच्या गोळीसाठी ताईच्या मोबाईलवर टाकले आहेत पूर्ण पाचशे एक रुपये.