जीप चार बोटं वर

४ मे ८७, सोमवार

डॉ.बाईंनी शेवटी हो म्हटलं. जीप दादाकडे येणार. दवाखान्यात मी इतकी मागे लागले की म्हणाल्या, "बस कर गं नंदा. तू इथे समाजकार्य करतेस की भावाच्या गॅरेजची दलाली?"

दलाली नाही. फेब्रुवारीत वरच्या पाड्याच्या ओढ्यातल्या खडकावर जीपचं पोट आपटलं, ऑइल चेंबर फुटला. त्या दिवशी तापाने फणफणलेलं पोर पाठीला बांधून त्याची आई थेट बोरिवलीच्या दवाखान्यापर्यंत चालत आली. मी तिच्यामागे, डॉ.बाईंची बॅग घेऊन. तेव्हापासून जीप ओढ्याअलीकडेच थांबते. ज्यांना चालता येतं ते खाली येतात. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठीच तर जायचं ना?

दादा म्हणतो, चारी चाकांवरचे पाटे वर घेतले तर जीप चार बोटं उचलेल. मग खडक लागणार नाही. मी डॉ.बाईंना सांगूनही टाकलं, सोळाला गाडी परत.

घरी आल्यावर दादाला हे सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "तारीख द्यायला कुणी सांगितलं होतं तुला?"

६ मे

कामावरून परस्पर मरोळला. दादाची शेड म्हणजे कारखान्यांच्या मागचा अर्धा पत्र्याचा गाळा. उरलेल्या अर्ध्यात वेल्डिंगवाला पिंटो. जीप लाकडी ठोकळ्यांवर, चाकं काढलेली. अंगावरचं काढून तपासायला बसवलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती.

पिंटो म्हणाला, "क्या वसंत, जीप का ऊँट बनाता है?"
दादा खालूनच, "तू तुझं वेल्डिंग बघ रे. परवाचं गेट पडलं म्हणे."

मला त्याने नीट समजावलं. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, कमानीसारख्या वाकलेल्या. गाडी त्यावर तोलून असते. या जीपच्या वापरून वापरून सपाट झाल्यात. नवे मिळायला दोनतीन महिने, तोवर अर्धा पावसाळा उलटेल. म्हणून जुनेच कुर्ल्याला भट्टीवर तापवून पुन्हा कमान चढवायची, प्रत्येक थप्पीत ट्रकची एक पट्टी जादा घालायची. ब्रेकचे रबरी पाइप लांब लागणार, नाहीतर ताणून तुटतील. हे सगळं तो इतक्या शांतपणे सांगत होता, की वाटलं, याने मास्तर व्हायला हवं होतं. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा माझी फी याने भरली. स्वतः दहावीवर थांबलेला. माझ्या बी.ए.च्या सर्टिफिकेटला फ्रेमही यानेच आणली, खिळाही यानेच ठोकला. आमच्या घरात त्याआधी भिंतीवर फक्त देव होते.

त्याला एकदा स्वतःचं म्हणून मोठं काम मिळायला हवं.

१३ मे

दादा कुर्ल्याहून पाटे घेऊन आला. भट्टीवर तीन-चार दिवस जातील म्हणाला होता, एकाच दिवसात परत. विचारलं तर, "वाकले ना? मग झालं." खरंच वाकलेत, धनुष्यासारखे. मी कौतुक केलं. तो हसला नाही. दमला असेल.

१६ मे, शनिवार

जीप उभी राहिली! मी खाली हात घालून बघितलं. आधी होती त्याहून पुरी चार बोटं वर. डॉ.बाई स्वतः न्यायला आल्या. जीप त्याच चालवतात, पन्नाशी उलटली तरी.

बाबांनी नारळ आणला होता. म्हटलं पुरे आता, डॉ.बाई हसतील. पण बाबा ऐकतात कुठे. टोपी घातली, नारळ हातात धरला आणि भर शेडमध्ये गाऱ्हाणं सुरू.

"बा देवा म्हाराजा, आज माज्या झिलान आपल्या हातान ही गाडी उचललेली आसा."
"व्हय म्हाराजा."
"ती गरिबाच्या दारापर्यंत चढान दे. वाटेत खय बसान देव नको."
"व्हय म्हाराजा."

पिंटोसुद्धा 'व्हय म्हाराजा' म्हणत होता. डॉ.बाईही. मी सगळ्यात मोठ्याने. दादा मात्र हात जोडून गप्प उभा. आई म्हणाली, "लाजतोय मेलो."

२० मे, बुधवार

वरचा पाडा. थेट पाड्यात! ओढ्यात खडक आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. काही घासलं नाही, आपटलं नाही. डॉ.बाईंनी हॉर्न दाबूनच धरला. पोरं मागे धावत.

एक भलतंच झालं. पाड्यातल्या एका म्हातारीला जीपमध्ये चढताच येईना. पायरी तिच्या मांडीइतकी उंच. पुरुषांनी उचलायचं म्हटलं तर ती भडकली, "मी काय भाताची गोणी आहे का?" हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? शेवटी खाटेची पायरी केली. दादाला लोखंडी पायरी करायला सांगायचं.

तिथल्याच लखीला पाचवा संपून सहावा... नाही, डॉ.बाई म्हणतात, सातवा संपतोय, ती चुकीचं मोजत होती. पहिलटकरीण, कंबर अगदी अरुंद. बाळंतपण खाली दवाखान्यातच व्हायला हवं. तिला म्हटलं, आता चिंता नाही, जीप दारात येईल. ती म्हणाली, "येल ना नक्की?" म्हटलं, नक्की.

२९ मे

डॉ.बाईंनी सगळीकडे सांगितलंय. कांदिवलीच्या एका खाणवाल्याच्या दोन जीप आहेत, त्यालाही वर घ्यायच्यात. पावसाळा संपल्यावर देतो म्हणाला. दादा पिंटोचा अर्धा गाळाही घ्यायचं बोलतो आहे. आई त्याच्यासाठी मुली बघायच्या म्हणते.

दादा रात्री अंथरुणात जागा असतो. सगळं चांगलं चाललंय तर याला झोप का नाही?

८ जून, सोमवार

दवाखान्याच्या अंगणात जीप उभी होती. समोरून बघितलं तर उजव्या अंगाला झुकलेली. वाटलं जमीन उतरती आहे. दुसरीकडे लावून बघितली. तरी तशीच.

खाली हात घातला. उजवीकडे मागे पहिल्यापेक्षा जेमतेम दोन बोटं वर. डावीकडे तीन.

कुणाला बोलले नाही.

९ जून

दादाला विचारलं. शेडच्या मागे नेलं मला.

पोलाद तापवून वाकवलं की पुन्हा तापवून तेलात बुडवावं लागतं. त्याला पाणी देणं म्हणतात. त्यानेच कडकपणा येतो. भट्टीवाल्याकडे पाणी द्यायचा नंबर चार दिवसांनी होता. सोळाची तारीख उलटली असती. दादाने वाकवलेले तसेच उचलून आणले. वाटलं, ट्रकची जादा पट्टी आहे, भार पेलेल. नाही पेलला. मऊ पाटे बसत चाललेत. आणखी बसतील.

"मग मला सांगायचं नाही का? चार दिवस मागून घेतले असते मी."
"तू तिथे शब्द देऊन आलीस. पहिल्याच कामाला माझ्या बहिणीची मान खाली घालू?"

तारीख माझी, काम त्याचं.

म्हणतो, पंधरा दिवस गप्प राहा, काहीतरी निमित्त काढून जीप मागवून घेतो, नीट करतो. खाणवाल्याच्या कानावर गेलं तर संपलंच.

आईला दादाने सांगितलं बहुतेक. भाकऱ्या थापताना एवढंच म्हणाली, "नंदे, तोंड सांभाळ."

१७ जून, बुधवार

पाऊस लांबलाय, म्हणून आज वर गेलो. ओढ्यात खर्रकन् आवाज. डॉ.बाई म्हणाल्या, "लागला का गं खडक?"
मी म्हटलं, "मागे औषधांची खोकी जास्त झालीत आज."

तोंडातून निघून गेलं. इतकं सहज. मुलांना 'खरे बोलावे' चा फळा लिहून देते मी पाड्यावर.

लोखंडी पायरी बसवली आहे. म्हातारी आपली आपण चढली. आता पायरी तितकी उंचही वाटत नाही. जीपच खाली आली आहे.

२४ जून, बुधवार

उतरताना, ओढ्याअलीकडच्या तिरक्या उतारावर, मागे दम्याचा म्हातारा आणि त्याचा मुलगा. जीप उजवीकडे कलली आणि कलतच गेली. डावीकडची चाकं हलकी झालेली मला बसल्या जागी कळलं. डॉ.बाईंनी स्टिअरिंग कसं आवरलं देव जाणे. म्हाताऱ्याने माझा दंड धरला होता. वळ अजून आहेत.

दवाखान्यात पोचल्यावर सगळं सांगितलं. पाणी द्यायचं राहिलं ते, बोटं मोजली ते, खोक्यांचं खोटं. डॉ.बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "भावाचं समजू शकते. पण तू माझ्या शेजारी बसून खोटं बोललीस. गाडीत पेशंट असताना."

किल्ली टेबलाच्या खणात टाकली. जीप बंद.

"खाणवाल्यांनी विचारलं तर मी खरं सांगणार, नंदा."
म्हटलं, "हो."

२७ जून

खाणवाल्याने विचारलं. डॉ.बाईंनी सांगितलं. दोन्ही जीपचं काम गेलं.

दादा ताटावरून उठला. आईने बोलून घेतलं. "शिकवली ती ह्यासाठी? भावाच्या ताटात माती कालवायला?" बाबा म्हणाले, "गे, गाडी उलाटली असती तर?" आई म्हणाली, "उलटली नाही ना!"

म्हाताऱ्याचा हात माझ्या दंडावर होता, हे आईला कसं सांगू. सांगितलं तरी तिला दादाचाच चेहरा दिसणार. मला दोन्ही दिसतात. मी बरोबर केलं याची खात्री आहे. बरं मात्र वाटत नाही. पुस्तकांत हे दोन्ही एकत्र येतं.

१ जुलै

दादा दवाखान्यात आला. आत आलाच नाही. अंगणातच जीप ठोकळ्यांवर घेतली, पाटे सोडवले, टेम्पोत टाकले. डॉ.बाई खिडकीतून बघत होत्या. मला वाटलं, अडवतील. म्हणाल्या, "त्याला चहा दे."

चहा घेतला त्याने. माझ्याकडे न बघता. "कुर्ल्याला नंबर लावलाय. पावसाने भट्टीचा कोळसा भिजलाय म्हणे. कधी होईल सांगता येत नाही."

चार दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

५ जुलै

वर पाऊस चांगलाच पडतोय. लखीचा नवरा भिजत आला. तिला दिवस भरत आलेत, खाली येऊन राहा म्हटलं तर सासू सोडत नाही. लावणी आलीय, हात कमी. तो म्हणाला, "जीप दारात येल म्हणून बोलली होती ना ताई? ती वाट बघते."

डॉ.बाई म्हणाल्या, "दवाखाना सोडून मी वर राहू शकत नाही. तू राहशील? बाळंतपण करायचं नाही. फक्त बघायचं. कळा सुरू झाल्या की माणूस पाठवायचा, तिला झोळीतून खाली काढायचं. उशीर करायचा नाही आणि घाईही."

हो म्हटलं.

८ जुलै, बुधवार

पिशवी भरली. निघताना आईने डब्यात चटणी भरून दिली. दादा दारात चपला घालून उभा. "ओढ्यापर्यंत येतो."

जंगलात पायाखाली चिखल, जळवा. पिशवी त्यानेच घेतली होती. ओढा गुडघाभर गढूळ वाहत होता. त्याने विचारलं, "कुठाय तो खडक?"

तेव्हा लक्षात आलं. ज्या खडकासाठी त्याने गाडी वर घेतली, तो त्याने कधी बघितलाच नव्हता.

मी दाखवला. तो पाण्यात उतरला, वाकला, हाताने चाचपत राहिला. वरच्या कडेला जीप घासल्याच्या खुणा होत्या, जुन्या गंजलेल्या आणि नव्या. त्यावर बराच वेळ बोटं फिरवली. मग पलीकडचा उतार बघितला, वरच्या पाड्याची वाट बघितली.

"मला एकदा इथे आणायचंस ना गं," म्हणाला.

रागाने नाही. पिशवी माझ्याकडे दिली आणि परत फिरला. कुर्ल्याला जायचं होतं.

९ जुलै

लखीच्या झोपडीत. पाऊस थांबत नाही. ओढ्याचा आवाज इथवर येतो, काल येत नव्हता.

लखी आज दिवसभर लावणीवर होती, मीही तिच्यासोबत वाकले. दुपारपासून तिची कंबर दुखतेय. सासू म्हणते, चिखलात वाकून वाकून दुखते, सगळ्यांचीच दुखते. माझीही दुखतेय. पण लखी मध्येच बोलता बोलता थांबते, खांब धरते, मग पुन्हा बोलायला लागते.

तिचा नवरा दारात बसलाय. मी म्हटलं तर आत्ता निघेल. माझ्याकडे बघतोय.