बडे बाबूंना दिलेली वडी

आई, आज संक्रांत झाली. ऑफिसातून आले, चहा टाकला आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले. तुझ्या तिळाच्या वडीने माझी नोकरी जवळजवळ घालवली होती, ते तू कधीच मान्य केलं नाहीस. तुझ्या मते वडीचा दोष कधी नसायचाच, असायचा तो खाणाऱ्याच्या दातांचा.

मी सिविल लाइंसमधल्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून नवीनच लागले होते. बाबा दम्याने घरी बसलेले, घर माझ्यावर, आणि मी नोकरीत पक्की होणार की नाही ते हेडक्लार्कच्या, म्हणजे बडे बाबूंच्या शेऱ्यावर. ज्यांच्या जिभेला अख्खं ऑफिस टरकून असायचं, त्यांच्यावर. आणि तू खंडेराव गेटच्या आपल्या स्वयंपाकघरात पोळपाटावर वड्या कापत मला बजावते आहेस, ‘साहेबांना आधी दे हो. आणि नुसती हातावर टेकवू नकोस, तोंडाने म्हण.’ मी म्हटलं की. बडे बाबूंच्या टेबलाशी जाऊन, वडी पुढे करून, खणखणीत हिंदीत सांगितलं, ‘लीजिए बाबूजी, तिल-गुड़ खाइए, मीठा बोलिए.’

खोलीतले सगळे टाइपरायटर थांबले. इथले हिंदी लोक संक्रांतीला खिचडी खातात, तिळाचे लाडू वाटतात, पण वाटताना कुणी कुणाला गोड बोल म्हणून सांगत नाही, हे आपल्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. बडे बाबूंनी माझ्याकडे बघितलं, वडी तोंडात टाकली, आणि तुझी वडी तोंडात असताना कुणाला बोलता येतंय, ते नुसते मान हलवत राहिले. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरचे भैया कानाशी येऊन म्हणाले, ‘बहनजी, मान गए. आज तक किसी की हिम्मत नहीं हुई थी.’ तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, की मी साहेबांना तोंडावर ‘नीट बोला’ असं सुनावून आले होते.

त्या दिवसापासून मी ऑफिसात वाघीण ठरले. जो तो आपली गाऱ्हाणी माझ्याकडे घेऊन यायला लागला. आणि बडे बाबू माझ्याशी बोलेनासेच झाले. चूक सापडली की तिच्याभोवती पेन्सिलीने गोल करून कागद चपराशाबरोबर परत पाठवायचे, तोंडातून शब्द नाही. मी पक्कं धरून बसले की हा माणूस डूख धरून आहे, आता आपलं काही खरं नाही. घरी येऊन तुझ्यावरच फणफणले. तू भाजी परतता परतता म्हणालीस, ‘त्यांच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलाव.’ मी म्हटलं, आता आगीत तेल कशाला? ‘बोलाव म्हटलं ना,’ तू म्हणालीस, आणि विषय संपला.

बाई येतात. चेहरा घट्ट, सतरंजीच्या अगदी कडेला बसतात. तू हळदीकुंकू लावतेस, वाण म्हणून चहाची गाळणी देतेस, वडी देतेस आणि पुन्हा तेच म्हणतेस, ‘मीठा बोलिए.’ मग तू शेजारच्या अम्मांकडे वळतेस, ज्यांच्या तोंडून गल्लीने कधी वाकडा शब्द ऐकलेला नाही. त्यांनाही तेच. त्यांच्या कडेवरच्या नातीलाही तेच. बाई बघत राहतात. ‘इनसे भी?’

‘सबसे,’ तू म्हणतेस. ‘मैं अपनी सास से कहती थी, वो मुझसे. असर दोनों पर नहीं हुआ.’

त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. ‘और हमारे ये,’ त्या म्हणाल्या, ‘रोज़ पूछते हैं, क्या मैं सचमुच इतना कड़वा बोलता हूँ? डर के मारे दफ़्तर में मुँह ही नहीं खोलते.’ मी ज्याला डूख धरून बसलेला समजत होते, तो माणूस बिचारा घाबरून गप्प बसला होता.

दुसऱ्या दिवशी बडे बाबू माझ्या टेबलाशी आले आणि कागद आपटला. ‘ये क्या टाइप किया है? आँखें घर छोड़ आई हैं?’ आई, मला इतका आनंद झाला की मी हसलेच. तेही हसले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘वो वड़ी और बची है क्या?’ उन्हाळ्याच्या आत मी पक्की झाले. बहनजींनी बडे बाबूंना सरळ केलं, असं भैया मात्र निवृत्त होईपर्यंत सांगत राहिले.

आज बडे बाबूंच्या खुर्चीत मी बसते. बबीनाच्या छावणीतल्या एका मराठी फौजी घरातली मुलगी नवीन लागली आहे. तिला मराठी समजतं, पण बोलताना अडखळते. तिचा शेरा माझ्या हातात. सकाळी मी तिला चांगलीच झापली होती, आणि दुपारी ती डबा पुढे करून म्हणाली, ‘मॅडम, तिळगूळ घ्या, गोड बोला.’ माझे कान तापले. माझे, तुझ्या लेकीचे. वाटलं, पोरगी टोमणा मारते आहे, बघतेच हिला. वडी तोंडात गेली तेव्हा कुठे बडे बाबू आठवले आणि मी हसत सुटले. ती घाबरली, म्हणाली, ‘कुछ ग़लत बोल दिया, मॅडम?’ मी म्हटलं, ‘नाही गं बाळ, आणखी एक दे.’ निघण्यापूर्वी तिचा शेरा लिहून आले, पक्की करा म्हणून. काम चोख आहे तिचं, उगाच नाही.

हे पत्र आता कुठे पाठवणार म्हणा. पण तुझा पत्ता असता तरी पाठवलं नसतं. ती दुसरी वडी मी बडे बाबूंच्या आठवणीने नाही मागितली, आई. खुसखुशीत होती. तुझ्यापेक्षा चांगली.