सिनेटची मंजुरी नव्हती

सोमवार, ३ मार्च २०२५

वर्गात आज रोमन इतिहासातली कॉडियमची खिंड. डोंगराळ भागातल्या सॅम्नाइटांनी तिथे रोमची अख्खी फौज कोंडली. फौजेचा प्रमुख, कॉन्सल पोस्टुमियसने तहाचा शब्द देऊन ती सोडवली. माणसं सुखरूप घरी आल्यावर सिनेटने हात वर केले — आमची मंजुरी कुठे होती? ज्याने शब्द दिला त्यालाच शत्रूच्या हवाली करा. गंमत म्हणजे हे पोस्टुमियसनेच सुचवलं! मागच्या बाकावरचा वीर म्हणाला, "प्रोफेसर, दॅट्स जस्ट अ लूपहोल." म्हटलं, रोमन लोक याला कायदा म्हणत.

मंगळवार, ४ मार्च

नागपूरहून सासऱ्यांचा फोन. "अहिल्या, दिली बिल्डरला सही. एप्रिलअखेर फ्लॅट खाली करून देतो."

बिल्डिंग पाडायला सगळे तयार होते, फक्त बाबांची सही अडली होती. डिसेंबरात नागपूरहून निघताना मीच म्हटलं — करा सही आणि कायमचे आमच्याकडे अमेरिकेत, कॅरीला या. त्यांचे डोळे भरून आले होते, मला राहवलं नाही. खरं लिहायचं तर चांगली सून म्हणवून घ्यायची हौसही होती. ग्रीन कार्डचे कागद भरायचे शैलेंद्रने, मुलगा म्हणून. आणि त्याला मी विचारलंच नव्हतं. तीन महिने टाळत आले.

बुधवार, ५ मार्च

सांगितलं.

गुरुवार, ६ मार्च

शैलेंद्र ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "प्रॉमिस तू केलंस. मी नाही. मी त्यांच्यासोबत एका घरात राहू शकत नाही, यू नो दॅट."

माहीत आहे. बाबा त्याला लहानपणी पट्ट्याने फोडून काढायचे. पाठीवरचे वण मी पाहिलेत. तरी मी बोलून बसले. त्याचा राग येतो आहे आणि तो चुकलेला नाही, याचा जास्त येतो आहे.

शुक्रवार, ७ मार्च

आज वर्गात सियाने विचारलं, "बट सॅम्नाइट्सनी तर आर्मी ऑलरेडी सोडली होती ना? मग त्यांना काय मिळालं?"

एक कॉन्सल, म्हटलं. वर्ग दहा मिनिटं आधी सोडला.

उद्यापासून स्प्रिंग ब्रेक, आठवड्याची सुट्टी. नागपूरचं तिकीट काढलं. बाबांना हे फोनवर सांगायची माझी हिंमत नाही, आणि फोनवर सांगणं बरंही नाही. शैलेंद्रला म्हटलं, त्यांना भाड्याची जागा बघून देते. तो "ओके" म्हणाला आणि विमानतळावर सोडायला गाडी काढायला गेला.

सोमवार, १० मार्च, नागपूर

बाबांनी दार उघडलं. हॉलमध्ये खोकी, प्रत्येकावर मार्करने 'अमेरिका'.

त्यांनी माझ्या मागे जिन्यात पाहिलं. "तो नाही म्हणाला?"

"हो."

हातातल्या मार्करला टोपण लावलं. मग म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." आणि माझी बॅग आत घेतली.