मस्कतमधली दुसरी खोली

३ ऑगस्ट
मस्कत. नव्या भारतीय शाळेतला पहिला दिवस. मालदीवच्या शाळेतली दोन वर्षं कामी आली, वर्गात सरळ शिरले. आठवी ब, गणित. एकाहून एक आगाऊ पोरं. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली आणि माझ्या तोंडून आपल्या गावाकडची दखनीच निघाली, "बातां नक्को करो!" अख्खा वर्ग खो खो. हसू देत. त्यानंतर उरलेला तास माझा होता.

भालकीजवळच्या आमच्या मेहकरहून अप्पांचा फोन. "पोचलीस का? काई खाल्लीस का न्हाई?" एवढंच. सुटीत मी घरी होते तेव्हाही अप्पा एवढंच बोलायचे, पण समोर असायचे.

६ ऑगस्ट
मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. राहण्याचं ठरवा म्हणाल्या. एक तर दुसऱ्या शिक्षिकेबरोबर एका खोलीत, नाही तर दोन खोल्यांचं स्वतंत्र घर. पण ते घरचं माणूस येणार असेल तरच.

घरचं माणूस म्हणजे अप्पा. आई गेल्यापासून एकटे. जेवण माझ्या चुलतभावाकडे, बोलणं टीव्हीवरच्या बातम्यांशी. मे महिन्यात त्यांना बातम्या देणारीला दटावताना ऐकलं. मी हसले तेव्हा. नंतर मोरीत जाऊन रडले. सोबत येण्याचा विषय दोनदा काढला, दोन्ही वेळा अप्पा गोठ्यात निघून गेले.

९ ऑगस्ट
आज फोनवर अप्पांना सरळच विचारलं. थोडे दिवस तरी या.

"आता कसं यावं माय? मूग तोडायला आलाय."

मग?

"मग तुरीत खुरपणी. मग हरभऱ्याची पेरणी."

गणित शिकवते मी, पण अप्पांच्या वर्षात मोकळी तासिका काही सापडेना. शेत चुलतभाऊ बघतो म्हणालाय, पासपोर्ट मागेच काढलाय, सगळं सांगून झालं. मग, "तू साळंला जाशील. मी दिवसभर कुनाशी बोलू तिथं?"

हे खरं कारण. बरं झालं, बाहेर आलं. मुगाशी भांडता येत नाही, याच्याशी येतं.

१५ ऑगस्ट
शाळेत झेंडावंदन, मग सुटी. कोपऱ्यावरच्या दुकानात तूरडाळ आणायला गेले. दुकानदार मान वर न करताच, "क्या होना?"

जागीच थांबले. "क्या चाहिए" म्हणणारे इथे ढीगभर, "क्या होना" म्हणणारा आपल्याच मुलखातला. निघाले हुमनाबादचे! करीमभाई. मेहकर म्हटल्यावर काउंटर सोडून बाहेर आले. एका वाक्यात कन्नड, दखनी, मराठी तिन्ही. चहा घ्यावाच लागला. तिथंच डोक्यात आलं.

१६ ऑगस्ट
करीमभाईंच्या दुकानातून अप्पांना फोन लावला आणि करीमभाईंच्याच हातात दिला.

"क्या अप्पा, तूर कैसी हाय यंदा?"

तुरीवरून भालकीचा बाजार, बाजारावरून बैल. गिऱ्हाईकं ताटकळली. फोन माझ्याकडे आला तेव्हा अप्पा म्हणाले, "मानूस बोलका हाय. पर त्येला तुरीतलं काई कळत न्हाई."

आवाज चढला होता. किती दिवसांनी! खूप बरं वाटलं.

२० ऑगस्ट
मु.अ. बाई काल तासाला मागे बसल्या होत्या, खूश दिसल्या. आज त्यांना सांगून टाकलं, दोन खोल्यांचं घर हवं.

"वडील नक्की येणार ना?"

"हो," म्हणाले. ठणकावून. अप्पांनी अजून हो म्हटलेलं नाही, ते आमचं आम्ही बघू.

२३ ऑगस्ट
घर मिळालं. दुसरी खोली पूर्वेची, उजेड भरपूर. अप्पांना कळवलं. म्हटलं, आता तुमचं तुम्ही ठरवा, मी विचारायची नाही.

अप्पांनी टीव्ही बंद केला. मग, "त्यो करीम दुकान कदी उघडतो?"

"सकाळी लवकर."

"हं."

फोन बंद करताना नेहमी "ठिवतो" म्हणतात. आज म्हणाले, "बरं, येतो मग."

आपल्यात निघणाराही येतोच म्हणतो. परत फोन करून काही विचारलं नाही. गादी एकच होती, दुसरी आणायला गेले.