पहिल्याच थेंबाला गुलाबी

२० जुलै २००२, शनिवार
आजपासून कॉलेज! शाळेत अकरावी, पण शनिवारी दुपारी बी.एस्सी. फर्स्ट इयरचं केमिस्ट्री. नवं राज्य झालं तसे बाबा भोपाळहून इथं, नव्या राजधानीच्या मंत्रालयात आले, ओळखी वाढल्या. केमिस्ट्रीच्या भास्कर सरांले त्यांनीच गळ घातली, पोट्ट्याले वर्गात बसू द्या. शंकर नगरातल्या सगळ्या मराठी घरांत सांगून झालं, आमचा पोट्टा आत्ताच कॉलेजचं शिकून राहिला. मी नम्र राहायचं ठरवलं आहे.

३ ऑगस्ट
प्रॅक्टिकल जोडीनं करावं लागते. माझी जोडी इरावती दीदी. गुढियारीत राहते, वडील रेल्वेत. मागच्या साली ऐन परीक्षेत कावीळ, वर्ष गेलं. यंदा पुन्हा गेलं तर घरचे कॉलेज बंद करणार. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. तिले वर काढणं माझं कर्तव्य.

२४ ऑगस्ट
टायट्रेशन. ब्युरेटमधून अल्कली थेंबथेंब खाली फ्लास्कमधल्या अ‍ॅसिडमध्ये सोडायची, हलका गुलाबी रंग आला की थांबायचं, किती लागली तो आकडा लिहायचा, असं तीनदा. माझा दरवेळी बिटाच्या कोशिंबिरीसारखा येते. तोटी ढिली आहे. दीदीचा बरोबर येते, पण किती वेळ लावते! पुढच्या वेळी हळू सोडीन.

३१ ऑगस्ट
हळू सोडलं नाही. घाई होती. आकडे अंदाजानं लिहिले, तिन्ही सारखे. सर म्हणाले, शाबास. हे काही खोटं नाही. नीट केलं असतं तर तेवढेच आले असते.

२१ सप्टेंबर
टेस्ट. मार्क जोडीला मिळून, आणि वार्षिकला धरणार. म्हणून ब्युरेट मीच घेतली. पहिल्याच थेंबाला फ्लास्क गुलाबी. मेली तोटी! पुन्हा केलं, पुन्हा तेच. दीदी म्हणाली, "जो दिखा, वही लिख दे ना." मी म्हटलं, असं कुठं असते काय. दहा पॉइंट दोन लिहिलं, तिन्ही वेळा. तिनं आकडे पुन्हा वाचले, मग खाली सही केली. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

२८ सप्टेंबर
आमच्या बाटलीत अ‍ॅसिड नव्हतंच. नुसतं पाणी. सर दरवर्षी एका जोडीला पाणी देतात, मनचे आकडे कोण लिहिते ते पाहायला. पहिलाच थेंब, हेच उत्तर होतं. जोडीला शून्य. दीदीनं ब्युरेट धुऊन जागेवर ठेवली. मुळात सरांनी असं फसवायलाच नको होतं.
आईनं विचारलं, काहून जेवत नाही? म्हटलं, अ‍ॅसिडिटी.

५ ऑक्टोबर
आज सरांले सांगणारच होतो. त्यांच्याभोवती गर्दी होती. नंतर गर्दी नव्हती, पण ते चहा पीत होते. मले माझीच लाज वाटून राहिली. बाबा पाहुण्यांसमोर मले पिरिऑडिक टेबल म्हणायला लावतात. आज क्लोरीनवर अडकलो.

१२ ऑक्टोबर
सांगितलं. आकडे माझे, दीदीनं नको म्हटलं होतं, सगळं. सर म्हणाले, ती तर सांगून गेली की आकडे तिचेच, पोट्टा लहान आहे. पण आकडे कोणाचेही असोत, खाली सही तिची आहे, शून्य राहील. आता तिचं वार्षिक कठीणच.
मी म्हटलं, मग मले काय शिक्षा?
"बेटा, तुम्हारा तो रजिस्टर में नाम ही नहीं है. तुम्हें काहे का शून्य?"
जिना उतरताना ठरवलं, दीदीले सॉरी म्हणायचं, आजच, वाक्य पण तयार केलं. ती सायकल स्टँडवर होती. तिनंच आधी विचारलं, "सर ने तुझे डाँटा तो नहीं?"
मी म्हटलं, नाही.
"हव, अच्छा हुआ," म्हणाली, आणि गेली.