डंडीचं बाळंतपण

३ सप्टेंबर १८४३, पीटर्सबर्ग

पुन्हा तेच! सासूबाईंनी माझी ट्रंक माळ्यावरून काढली. लोकरी मोजे, दुपटी, टोपडी — सगळं भरून मोकळ्या. पोट माझं, प्रवास माझा, आणि मला विचारतंय कोण?

कारण काय, तर माझ्या नवऱ्याच्या, ह्यूच्या पणजोबांचं मृत्युपत्र. म्हातारा डंडीहून आला, इथे नदीकाठी दोरखंडांचा कारखाना काढला, आणि मरताना लिहून गेला — कारखाना स्कॉटलंडच्या मातीत जन्मलेल्या मुलाकडेच जाईल, नाहीतर विकून सगळं तिथल्या चर्चला. तेव्हापासून या घरातल्या सुना, पोट दिसू लागलं की जहाजावर.

९ सप्टेंबर

माझी आई इथून चार गल्ल्यांवर राहते. पहिलटकरणीनं आईजवळ जावं की नाही? मी जाणार दोन समुद्रांपलीकडे, लॉरिमरबाई नावाच्या विधवेच्या भाड्याच्या खोलीत. माझा जन्मही इथलाच, डंडी मी चित्रातसुद्धा पाहिलेली नाही. यांच्या नात्याचंही तिकडे आता कुणी उरलेलं नाही. बाळ झालं की लॉरिमरबाईनं कागदावर सही करायची, वकिलाला तेवढं पुरतं.

या बाईला सासूबाई दरवर्षी चहाची अख्खी पेटी पाठवतात. मी दुसरा पेला मागितला की मात्र भुवया वर!

१७ सप्टेंबर

ह्यूशी भांडले. म्हणाला, "आजीनं केलं, आईनं केलं. तुलाच काय एवढं जड जातंय?"

काय जड जातंय! एकदा पोटाला बांधून बघ म्हणावं.

२ ऑक्टोबर

डंडीहून कप्तानाचं पत्र आलं. पत्रं सासूबाईच फोडतात, त्याच वाचून सांगतात. थंडीआधीचं शेवटचं जहाज इथून दहा तारखेला. पण ही गावातली दहा, म्हणजे आपली बावीस, असं त्यांनी बजावलं. घरात तिकडचं, स्कॉटलंडचं कॅलेंडर, बाहेर गावात रशियन, बारा दिवस मागे. माझं डोकं दरवेळी गरगरतं. त्यांचं कधीच नाही.

१५ ऑक्टोबर

आई भेटायला आली होती. रडली नाही, नुसती माझे केस विंचरत बसली. त्यापेक्षा रडली असती तर बरं.

२२ ऑक्टोबर

जहाज गेलं. बारा दिवसांपूर्वीच! पत्रातली दहा तिकडची होती. आता बर्फ वितळेपर्यंत दुसरं नाही.

ह्यू माझ्यावरच उखडला, जणू जहाज मीच झग्याआड लपवलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "चूक माझी आहे." तीस वर्षांत या बाईची ईस्टरची तारीख चुकली नाही, आणि नेमकी हीच चुकावी?

मला जायचं नव्हतं हे खरं. पण असं नको होतं. कारखाना हातचा गेला, चारशे माणसांची घरं त्यावर चालतात. राग येतोय, आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

१४ नोव्हेंबर

नदी गोठली. ह्यूचं तोंडही.

३ डिसेंबर

पाय सुजलेत. ह्यू रोज कारखान्यात जातो, दोरांवर हात फिरवून परत येतो. मुलगी झाली तर बरं, म्हणाला. मुलीला गमवायला काही नसतं म्हणे! उशी फेकून मारली.

२९ डिसेंबर

मुलगा. काल दुपारी. आई उशाशी होती — सासूबाईंनीच स्लेज पाठवून तिला आणवलं. ह्यूनं बाळाला घेतलं आणि ढसाढसा रडला. आनंदानं की कारखान्यापायी, देव जाणे. मीही रडले, पण रागानं. एवढं गोड पोर, आणि आल्या आल्या त्याच्यापायी घर बुडालं म्हणायचं?

३१ डिसेंबर

सासूबाई घरचं बायबल घेऊन आल्या. पहिल्या पानावर घराण्याचे जन्म लिहिलेत. ह्यूच्या नावाखाली सावकाश लिहिलं — जॉर्ज रॅट्रे. जन्म डंडी, श्रीमती लॉरिमर यांच्या घरी.

मी म्हटलं, अहो, हा तर इथे झाला, याच पलंगावर.

त्यांनी शाई टिपली. "माझी पहिली मुलगी त्या जहाजावर दगावली. म्हणून ह्यूही याच पलंगावर झाला. त्याला स्वतःबद्दलचं हे कळायला नको."

दारापर्यंत जाऊन थांबल्या.

"यंदा चहाच्या दोन पेट्या पाठवू."